नव्या घड्याळात नवे काय?



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहिला जात असता शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "साडेसहाची सभा सातला सुरू होणाऱ्या गावात घड्याळावर व्याख्यान ठेवणे म्हणजे धाडसच!" हे गृहस्थ समोर पहिल्या रांगेत बसले आहेत आणि सभा बरोबर सातला सुरू झाली आहे, तेव्हा त्यांचे म्हणणे खोडून काढण्याची सोय आम्हाला उरलेली नाही. पण आमचा विषय वेळ पाळण्याचा नाही. आमचा विषय आहे लाखो रुपये किमतीची उंची मनगटी घड्याळे, त्यांची दरसाल निघणारी नवी मॉडेले, आणि त्या मॉडेलांत खरोखर नवे काय असते, हा.

अशी घड्याळे येथे जमलेल्या मंडळींपैकी फारच थोड्यांजवळ असतील; आमच्याजवळ तर नाहीच नाही. मग ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, जी वस्तू आपल्याला घ्यावयाची नाही तिच्याकडे माणूस जितक्या निवांतपणे पाहू शकतो तितक्या निवांतपणे घ्यावयाच्या वस्तूकडे पाहू शकत नाही. पैठणी घेण्याची ऐपत नसलेली बाईही दुसरीच्या पदरावरचा मोर बोटाने चाचपून पाहते आणि विणकर किती कसबी हे अचूक सांगते. त्याच दृष्टीने आज आपण ही घड्याळे पाहू. दरसाल वसंतात, म्हणजे आपल्या या व्याख्यानांच्याच ऋतूत, स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरी घड्याळांचे मोठे प्रदर्शन भरते. तेथे नवे मॉडेल मांडले की जगभरचे शौकीन ते भिंगाखाली धरतात. आपलेही एक भिंग असावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. ही घड्याळे वेळ दाखविण्यासाठी कोणी घेत नाही. स्वित्झर्लंडमध्ये चावीच्या किंवा आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळाची परीक्षा घेऊन त्याला अचूकपणाचा दाखला देतात. त्या परीक्षेत घड्याळ दिवसाला सरासरीने ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे गेले तरी उत्तीर्ण समजतात. उलट बाजारात मिळणारे बॅटरीवरचे साधे घड्याळ महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही. म्हणजे वेळेच्या कामात लाखाचे घड्याळ हजाराच्या घड्याळापुढे हरते, आणि हरूनही विकले जाते. ही विसंगती समजावून घेतल्याशिवाय नव्या मॉडेलांचा अर्थ लागणार नाही, आणि ती समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

मनगटावरच्या घड्याळाचा जन्म गरजेतून झाला. सांतोस-द्युमाँ हा ब्राझीलचा विमानविद्येचा वेडा पॅरिसमध्ये राहत असे. उड्डाण चालू असता खिशातून घड्याळ काढून पाहणे त्याला जमेना. म्हणून १९०४ साली लुई कार्तिए या त्याच्या जवाहिऱ्या मित्राने त्याला मनगटावर बांधावयाचे चौकोनी घड्याळ करून दिले. पुढे १९२६ साली रोलेक्स कंपनीने 'ऑयस्टर' ही पाणी व धूळ आत न जाऊ देणारी डबी काढली. १९३१ साली त्याच घड्याळात हाताच्या हालचालीने फिरणारे वजन बसवून रोज चावी देण्याची कटकट मिटविली.

याच १९३१ सालच्या एका घड्याळाचा आपल्या देशाशी नाते सांगण्याजोगा संबंध आहे. हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकारी घोड्यावर बसून पोलो खेळत आणि खेळाच्या धुमश्चक्रीत त्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. सेझार द त्रे नावाचा एक व्यापारी येथे आला असता ही तक्रार त्याच्या कानावर पडली. ती त्याने युरोपात नेली, आणि रने-आल्फ्रेद शोव्हो या फ्रेंच अभियंत्याने डबी खाचेत सरकवून पालथी घालण्याची युक्ती शोधून १९३१च्या मार्चमध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. काच आत, पोलादी पाठ बाहेर; चेंडू लागो की काठी लागो! हेच ते 'रिव्हर्सो' घड्याळ, जे झेजेर-लकूल्त्र ही कंपनी आजही करते. आज ते घेणाऱ्यांपैकी घोड्यावर बसणारा हजारात एक निघाला तरी पुष्कळ. पण घड्याळ अजून पालथे होते. गरज संपली, आणि गरजेतून निघालेला आकार मात्र राहिला. उंची घड्याळांचे सारे रहस्य, आमच्या मते, येथेच आहे.

आता या धंद्यावर आलेला प्रसंग ऐका. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने 'ॲस्ट्रॉन' हे क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळी तेही चैनीचेच! परंतु थोड्याच वर्षांत क्वार्ट्झ इतके स्वस्त झाले की स्विस खेड्यांतील पिढीजात कारखान्यांना टाळी लागू लागली. १९७० साली त्या देशात नव्वद हजारांच्या आसपास माणसे या धंद्यात होती. पंधरा-सोळा वर्षांत ती तीस हजारांच्या आसपास आली. तीन घरांपैकी दोन घरांची चूल दुसऱ्या कशावर तरी पेटू लागली, असाच याचा अर्थ.

त्या काळातील शार्ल व्हेर्मो या कारागिराची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. झेनिथ कंपनीत तो काम करीत असे. 'एल प्रिमेरो' हे १९६९ सालचे, स्वतःच चावी भरणारे व सेकंदांचे अंशही मोजणारे यंत्र त्याच्या कारखान्यातले. १९७५ साली मालकांनी हुकूम काढला की असली यंत्रे करणे बंद, हत्यारे मोडीत काढा. व्हेर्मोने हुकूम मानला नाही. त्याने साचे, दाबयंत्रे व हत्यारे गुपचूप माळ्यावर नेली, प्रत्येकाची नोंद वहीत करून ठेवली आणि ती नजरेआड केली. पुढे १९८४च्या सुमारास पुन्हा मागणी आली तेव्हा ती वही आणि ती हत्यारे बाहेर निघाली, म्हणूनच ते यंत्र पुन्हा जन्मले. एका माणसाने हुकूम मोडला नसता तर एक विद्या बुडाली असती. हा शार्ल व्हेर्मो आपण ध्यानात ठेवावा. शेवटी आम्हाला त्याची गरज लागणार आहे.

संकट पुढे उभे असताना १९७२ साली ओदमार पिगे या जुन्या कंपनीने एक अजब घड्याळ बाजारात आणले. त्याचे नाव 'रॉयल ओक'. झेराल्ड जेंटा या कलावंताने त्याचे चित्र एका रात्रीत काढले असे सांगतात. काचेभोवतीचे कडे अष्टकोनी, आणि त्यावर आठ स्क्रू उघडे ठेवलेले, जणू पाणबुड्याचे शिरस्त्राणच. एरवी सोनार जोड लपविण्यात आपले कसब मानतो. येथे जोडच दागिना झाला. आणि हे सारे सोन्यात नव्हे, पोलादात; किंमत मात्र सोन्याची! धातूला किंमत नाही, हाताला आहे, असे त्या घड्याळाने सांगितले. क्वार्ट्झने वेळेचे काम हिरावून घेतल्यावर उंची घड्याळाला जगण्याचे जे नवे निमित्त मिळाले ते हे होते.

येथून आपण आजच्या नव्या मॉडेलांकडे येऊ. फेरफार तीन जातींचे असतात: कामाचे, मापाचे आणि साजाचे. एकेकाचे उदाहरण घेऊ.

कामाच्या फेरफाराचा उत्तम नमुना याच 'रॉयल ओक'चा. पन्नास वर्षे पुरी झाली तेव्हा, २०२२ साली, मूळच्या ३९ मिलिमीटरच्या घड्याळाची नवी आवृत्ती निघाली. जुने आणि नवे शेजारी ठेवले तर परक्याला फरक सांगता येणार नाही. तेच माप, तोच पातळपणा, तेच आठ स्क्रू. पण आतले यंत्र संपूर्ण नवे. जुने एकदा चावी भरल्यावर सुमारे ४० तास चाले, नवे ५५ तास चालते. जुन्याचे ठोके तासाला १९,८००, नव्याचे २८,८००. गंमत अशी की नवे यंत्र मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याइतके जाड झाले, आणि तरीही ते जुन्याच मापाच्या डबीत बसविण्यासाठी अभियंत्यांना वर्षे खर्ची घालावी लागली. वाड्याचा दर्शनी भाग तसाच ठेवून आतले वासे बदलण्यासारखे हे काम आहे. ज्यांनी जुना वाडा दुरुस्त केला असेल त्यांना ठाऊक आहे की नवे घर बांधणे त्याहून सोपे.

असाच दुसरा नमुना ओमेगा कंपनीच्या 'स्पीडमास्टर'चा. १९५७ साली निघालेले आणि १९६९ साली चंद्रावर गेलेले हे घड्याळ. २०२१ साली त्याचे यंत्र बदलले. नव्यावर जबरदस्त चुंबकाचाही परिणाम होत नाही, आणि चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो, त्यामुळे घड्याळ सेकंदाबरोबर लावता येते. पण शौकीन लोक नाचले ते दुसऱ्याच गोष्टीवर. बाहेरच्या कड्यावरील ९० या आकड्याजवळचा ठिपका पहिल्या काळात आकड्याच्या माथ्यावर असे, मधल्या काळात तो बाजूला गेला होता. तो आता पुन्हा माथ्यावर आला! एका ठिपक्याचा एवढा आनंद, हे आपल्याला हास्यास्पद वाटेल. पण आपल्या घरच्या गणपतीची सोंड मूर्तिकाराने यंदा किंचित निराळी वळविली तर घरातली म्हातारी तत्काळ ओळखते ना? प्रेमाने रोज पाहिलेल्या वस्तूत ठिपकाही मोठा असतो.

मापाच्या फेरफारात फॅशनचा वारा अधिक. रोलेक्सचे 'एक्सप्लोरर' १९५३ साली निघाले ते ३६ मिलिमीटरचे. पुढे मोठमोठ्या घड्याळांची लाट आली, तशी २०१० साली कंपनीने ते ३९ केले. २०२१ साली ती पुन्हा ३६वर परतली. मग दोन वर्षांनी, ३६ कायम ठेवून, शेजारी ४०चेही एक ठेवले. अकरा वर्षे फिरून मूळ गावी येणे यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. चूक मोजून मागे येणाऱ्यालाच प्रगती साधते. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या नामांकित पेढीने २०२४च्या ऑक्टोबरात 'क्युबिटस' नावाची चौकोनी घड्याळे आणली. पंचवीस वर्षांतली त्या पेढीची ही पहिली नवी मालिका. माप ४५ मिलिमीटर! जाणकारांनी नाके मुरडली, मनगटावर पाट ठेवल्यासारखे दिसते म्हणून पुष्कळ कुरकुर झाली. पुढच्याच एप्रिलात, २०२५ साली, त्याच घड्याळाची ४० मिलिमीटरची धाकटी भावंडे हजर झाली. मनगट माणसाचे आहे, जाहिरातीच्या फलकाचे नाही, हे मोठ्या पेढीलाही लक्षात ठेवावे लागते.

तिसरी जात साजाची. तबकडी निळीची हिरवी केली, पट्टा बदलला, काट्यांना नवा मुलामा दिला. यात वाईट काही नाही. सणाला नवे कापड सर्वांनाच हवे. पण साजालाच काम म्हणून विकले जाते तेथे भिंग काढावे. आणि साजाला टंचाईची जोड मिळाली की काय होते तेही पाहा. पाटेकचे 'नॉटिलस' हे जेंटानेच १९७६ साली रेखाटलेले पोलादी घड्याळ. त्याचे अतिशय मागणी असलेले एक मॉडेल कंपनीने २०२१ साली बंद केले, आणि निरोपादाखल अमेरिकेतील टिफनी या जवाहिऱ्यासाठी आकाशी तबकडीची १७० घड्याळे काढली. दुकानातील किंमत ५२ हजार डॉलरांच्या वर. त्यांतले पहिले डिसेंबरात लिलावात ठेवले, तेव्हा ते ६५ लाख डॉलरांना गेले. लिलावाचे हे पैसे दानधर्मासाठी होते हे खरे. तरीही यंत्र तेच, पोलाद तेच, बदलला तो रंग आणि शिक्का. एवढ्या पैशांत लोकांनी काय विकत घेतले? दुसऱ्याला न मिळण्याचे समाधान! घड्याळ्याचे कसब संपून मालकाचा हव्यास सुरू होतो ती सीमा येथे आहे, असे आम्हाला वाटते.

आता ज्या नव्या घड्याळाने आम्हाला खरोखर विचारात पाडले त्याच्याकडे येतो. २०२५ साली रोलेक्सने 'लँड-ड्वेलर' आणले. त्याचे बाह्य रूप १९७०च्या दशकातील जुन्या घड्याळांवरून घेतले आहे. नावीन्य आहे ते पोटात. चावीच्या घड्याळाची टिकटिक कशाची असते? स्प्रिंगमधली शक्ती एकदम उलगडू नये म्हणून एक तरफ दातेरी चक्राचा एकेक दात अडविते आणि सोडते, त्या अडविण्या-सोडण्याची. अडीचशे वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही बहुतेक सर्व घड्याळांत आहे. तिचा दोष असा की दात तरफेवर घासतो. त्यात शक्ती वाया जाते आणि तेल लागते. नव्या रचनेत घासण्याऐवजी सिलिकॉनची चक्रे एकमेकांवर लोटत जातात. कंपनी म्हणते की त्यामुळे सुमारे तीस टक्के शक्ती वाचते. ठोकेही सेकंदाला आठांऐवजी दहा पडतात. कामाचा याहून मोठा फेरफार गेल्या कित्येक वर्षांत झालेला नाही, आणि त्याचे कौतुक केलेच पाहिजे.

पण येथेच एक शंका येते, आणि ती मांडण्यासाठी आम्ही आपल्याला आमच्या घरात घेऊन जातो.

आमच्या वडिलांचे एक चावीचे घड्याळ होते. देशी बनावटीचे, साधे. रोज सकाळी पूजेपूर्वी ते त्याला चावी देत, आणि चावी देताना बोलत नसत. त्यांच्या पश्चात ते आमच्या हातून फरशीवर पडले व बंद झाले. मोठ्या शहरातील एका झगझगीत दुकानात आम्ही ते नेले. तेथील तरुणाने ते उघडूनही पाहिले नाही. "याचे भाग आता येत नाहीत. यापेक्षा नवे घ्या," असे म्हणून त्याने आमच्यापुढे नव्या घड्याळांचा ट्रे सरकविला. आम्ही परत आलो आणि आपल्याच पेठेतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावले, पाठ उघडली आणि सांगितले की डुलणाऱ्या चक्राचा आस मोडला आहे. मग बिस्किटांच्या एका जुन्या डब्यातून तसल्याच निकामी घड्याळातला आस काढून बसविला. आम्ही म्हणालो, "दुकानात तर म्हणाले होणार नाही." तो म्हणाला, "अहो, हे घड्याळ उघडता यावे म्हणूनच केलेले आहे." चार दिवसांनी ते चालू झाले. या घटकेला ते आमच्या मनगटावर आहे, आणि दिवसाला अर्धा मिनिट मागे पडते.

आमची शंका या घड्याळजीच्या वाक्यातून निघते. पितळेचा किंवा पोलादाचा भाग कसबी माणूस लेथवर नवा करू शकतो. सिलिकॉनचा भाग त्याला करता येत नाही. तो विजेच्या उपकरणांतील चिप कोरण्याच्या तंत्राने, खास कारखान्यातच होतो. मोडला तर कंपनीच्याच दारी गेले पाहिजे. आज कंपनी भक्कम आहे, पण पन्नास वर्षांनी? आपल्या देशात बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने एचएमटीची घड्याळे सुरू झाली. तिच्या 'जनता' घड्याळाने कित्येक घरांतल्या लग्नमुंजी वेळेवर लावल्या. २०१६च्या जानेवारीत केंद्र सरकारने ती कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. कारखाना बंद झाला, पण घड्याळे थांबली नाहीत. का? तर पेठापेठांतल्या घड्याळजींना ती उघडता येतात म्हणून. कारखान्याच्या मागे घड्याळ जगते ते असे.

याचा अर्थ नवे शोध लावू नयेत असा नाही. तसे म्हणणाऱ्याने पालथे होणारे घड्याळही नाकारले असते. घर्षण कमी करणे ही विद्येची पुढची पायरी आहे आणि ती कोणीतरी चढलीच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, उंची घड्याळ विकताना 'हे तुमच्या नातवापर्यंत पोहोचेल' असे वचन दिलेले असते. वचन देणाऱ्याने नातवाच्या वेळच्या घड्याळजीची सोयही लावून ठेवली पाहिजे. पाटेक पेढी १८३९ पासूनचे आपले कोणतेही घड्याळ दुरुस्त करण्याची हमी देते. हा आम्हाला तिच्या कुठल्याही तबकडीपेक्षा मोठा दागिना वाटतो. जे कारखाने नवे यंत्र काढतात त्यांनी सुटे भाग, नकाशे आणि शिकविलेले हातही मागे ठेवावेत. म्हणजे प्रत्येक कारखान्यात एक शार्ल व्हेर्मो हुकूम मोडून नव्हे, तर हुकमाने नेमलेला असावा.

म्हणून, श्रोतेहो, नव्या घड्याळाचे चित्र वर्तमानपत्रात पाहाल, किंवा मुलगा परदेशाहून येताना एखादे घेऊन येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. यात काम बदलले की नुसता साज? माप माणसाच्या मनगटाचे आहे की फॅशनचे? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: हे पन्नास वर्षांनी कोण उघडणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दुकानदार देईल. तिसऱ्याचे उत्तर त्याच्याजवळ नसेल तर ते घड्याळ कितीही लाखांचे असो, ते भाड्याने घेतले आहे असेच समजा. आणि घरी गेल्यावर कपाटातले एखादे बंद पडलेले जुने घड्याळ असेल तर उद्याच ते घड्याळजीकडे न्या. आपल्या पेठेत पूर्वी चार घड्याळजी होते, आता एकच उरला आहे. त्याचा बिस्किटांचा डबा भरलेला आहे, पण त्याच्याजवळ शिकणारा कोणी नाही. या सभेत एखादा तरुण असा असेल की ज्याची बोटे बारीक कामाला वळतात, तर त्याने जाताना आम्हाला भेटावे. आम्ही त्याला त्या दुकानापर्यंत पोहोचवू.

आमच्या वडिलांच्या घड्याळात आता आठ वाजले आहेत. म्हणजे खरे आठ वाजून गेले.